दोन टक्क्यांचं गणित : राष्ट्रीय तंत्रज्ञान धोरण वाचायचं कसं?

"ताई, क्वांटममध्ये जाऊ का? आता मिशन आलंय ना, पैसा तिकडेच जाणार."

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने मागच्या महिन्यात मला हा प्रश्न विचारला. प्रश्न चुकीचा नाही. संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने विषय निवडताना देशाचं धोरण कुठे चाललंय हे बघायलाच हवं. पण धोरण बघायचं म्हणजे काय करायचं? बातमीतला आकडा वाचायचा की मूळ कागद वाचायचा? आणि वाचायचा तर कसा?

मी स्वतः हे उशिरा शिकले. फेलोशिपच्या मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात एक झकास वाक्य होतं : भारत संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या २ टक्क्यांपर्यंत नेणार आहे, आणि माझं काम या राष्ट्रीय उद्दिष्टाला हातभार लावेल. समोर बसलेल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "हे २ टक्के पहिल्यांदा कधी लिहिले गेले, ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. "मग ते कोण देणार होतं, हे तरी?" तेही नव्हतं. माझा विषय पातळ थरांच्या गॅस सेन्सरचा. त्या दिवशी त्यावर मला एकही अवघड प्रश्न आला नाही, आला तो उसन्या घेतलेल्या वाक्यावर.

घरी येऊन मूळ कागद काढले. आजचा लेख त्या वाचनाबद्दल आहे. मी धोरणतज्ज्ञ नाही. पण पेपर वाचताना आपण जसं विचारतो, हा आकडा कुठून आला, गृहीतक काय, छेद कोणता, तसंच धोरणालाही विचारता येतं.

आधी कागदांची ओळख

स्वतंत्र भारताची मोठी विज्ञान-तंत्रज्ञान धोरणं मोजकीच आहेत. १९५८ चा विज्ञान धोरण ठराव, १९८३ चं तंत्रज्ञान धोरण निवेदन, २००३ चं विज्ञान आणि तंत्रज्ञान धोरण, २०१३ चं विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरण, आणि २०२० च्या शेवटच्या दिवशी लोकांसमोर ठेवलेला पाचव्या धोरणाचा मसुदा.

१९५८ चा ठराव अगदी छोटा आहे. त्यात लक्ष्याचे आकडे नाहीत. पण त्याआधीच आपल्या पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली होती, अणुऊर्जा आयोग १९४८ पासून होता. म्हणजे संस्था आधी उभ्या राहत होत्या आणि कागद नंतर त्यांना शब्द देत होता. १९८३ च्या निवेदनात भर स्वावलंबनावर आहे. परदेशी तंत्रज्ञान आणायचं तर ते आत्मसात करायचं, आपल्या गरजेप्रमाणे बदलायचं, ही त्याची भाषा.

पुढच्या तीन कागदांत मात्र आकडे येतात, आणि आकडे आले की टीका करता येते. मला हे चांगलंच वाटतं. ज्या वाक्यात आकडा नाही ते वाक्य कधी खोटं ठरत नाही, आणि म्हणूनच फारसं कामाचंही नसतं.

२ टक्क्यांचा प्रवास

२००३ च्या धोरणाने म्हटलं की दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, विज्ञान-तंत्रज्ञानावरची गुंतवणूक जीडीपीच्या किमान २ टक्क्यांवर न्यायची. २०१३ च्या धोरणात हेच २ टक्के पुन्हा आले. हे काही काळापासूनचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे अशी कबुली त्यातच आहे, आणि पुढच्या ५ वर्षांत ते गाठता येईल असंही म्हटलंय. प्रत्यक्षात २०२०-२१ मध्ये आपला एकूण संशोधन खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता.

इथपर्यंतची टीका वर्तमानपत्रात नेहमी येते : बघा, २ टक्के म्हणाले आणि ०.६४ वर आहोत. पण संशोधन करणाऱ्याने इथे थांबू नये. लक्ष्य चुकलं हा निष्कर्ष झाला. ते ज्या तर्कावर उभं होतं तो तर्क कसा होता, हे बघायला हवं.

२०१३ चा तर्क साधारण असा आहे. सध्या आपण जीडीपीच्या १ टक्क्याहून कमी खर्च करतो. त्यात खासगी आणि सरकारी वाटा सुमारे १:३ आहे. खासगी उद्योगांनी निदान सरकारी खर्चाशी बरोबरी केली, तर २ टक्के शक्य आहेत.

आता वही-पेन घ्या. उदारपणे धरू की एकूण खर्च पूर्ण १ टक्का होता. १:३ म्हणजे खासगी ०.२५ आणि सरकारी ०.७५. खासगी उद्योगांनी बरोबरी केली की ०.७५ अधिक ०.७५, म्हणजे १.५ टक्के. २ नाही! त्या काळातला खरा आकडा ०.८ च्या आसपास होता. तो घेतला तर खासगी ०.२, सरकारी ०.६, आणि बरोबरी झाल्यावर एकूण १.२.

म्हणजे उद्योगांनी सांगितलेलं सगळं केलं असतं तरी बरोबरीपुरतं २ टक्के होत नव्हते. २ व्हायला एक तर उद्योगांनी सरकारच्याही पुढे जायला हवं होतं, नाहीतर सरकारी खर्चही ०.६ वरून १ वर जायला हवा होता. पहिली गोष्ट 'निदान' या एका शब्दावर सोडली होती. दुसरी गोष्ट, म्हणजे सरकारी वाटाही वाढला पाहिजे, त्या तर्कात नाहीच.

मला ही त्या धोरणातली सगळ्यात मोठी उणीव वाटते. अपयशापेक्षा मोठी. प्रयोग फसू शकतो, पण प्रयोगाच्या आराखड्यातली बेरीज आधीच जुळत नसेल तर तो फसला असं तरी कसं म्हणायचं?

प्रत्यक्षात काय घडलं?

२०२०-२१ च्या ०.६४ टक्क्यांची फोड अशी आहे : केंद्र सरकार ४३.७ टक्के, खासगी उद्योग ३६.४, उच्च शिक्षण ८.८, राज्य सरकारं ६.७ आणि सार्वजनिक उद्योग ४.४. जीडीपीशी गुणून बघा. खासगी वाटा होतो सुमारे ०.२३ टक्के आणि बाकी सगळं मिळून ०.४१.

आता आधीच्या ०.२ आणि ०.६ शी तुलना करा. (हे ढोबळ गणित आहे. मधल्या काळात जीडीपी मोजण्याची मालिका बदलली आहे, त्यामुळे दुसऱ्या दशांशावर भांडू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.) खासगी वाटा जवळपास जागेवरच राहिला, किंचित वाढला. घसरला तो सरकारी वाटा. गंमत म्हणजे १:३ हे गुणोत्तर सुधारून १:१.७५ झालं. कोणी फक्त गुणोत्तर दाखवलं, तर 'खासगी सहभाग वाढला' असा छान आलेख तयार होईल. पण गुणोत्तर सुधारलं ते मुख्यतः छेद लहान झाल्यामुळे.

मग सरकारने खर्च कमी केला का? रुपयांत नाही. एकूण संशोधन खर्च २०१०-११ मध्ये सुमारे ६०,१९७ कोटी होता, तो २०२०-२१ मध्ये १,२७,३८१ कोटी झाला. दुपटीहून जास्त. पण चालू किमतींना जीडीपी त्याच काळात साधारण अडीच पट झाला. म्हणून एकाच वेळी 'संशोधनावरचा खर्च दुप्पट' आणि 'संशोधनावरचा खर्च घटला' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. तुमच्या प्रस्तावात कोणतं लिहिताय ते समजून लिहा.

मसुद्यातला न लिहिलेला छेद

२०२० च्या मसुद्यात २ टक्क्यांऐवजी नवी भाषा आली : पूर्णवेळ संशोधकांची संख्या, एकूण संशोधन खर्च आणि त्यातला खासगी वाटा दर ५ वर्षांनी दुप्पट करायचा. ऐकायला जोरदार आहे. पण दुप्पट काय, रुपये की जीडीपीतलं प्रमाण?

प्रमाण दुप्पट होणार असेल तर ०.६४, मग १.२८, मग २.५६. म्हणजे २ टक्के साधारण ८ वर्षांत. रुपये दुप्पट होणार असतील तर वर्षाला सुमारे १५ टक्के वाढ. चालू किमतींना जीडीपी वर्षाला १० टक्क्यांनी वाढतोय असं धरलं, तर २ टक्के गाठायला सुमारे २६ वर्षं लागतील! शब्दशः 'एकूण खर्च' म्हणजे रुपयेच. म्हणजे मसुद्यातलं लक्ष्य दरवेळी न चुकता पूर्ण केलं तरी जुनं लक्ष्य एका पिढीनंतर हाती येईल.

हे गणित बारावीचं आहे. मी ते इथे मांडतेय कारण आपण सगळेच 'दुप्पट' हा शब्द वाचला की पुढे जातो.

जिथे जमलं, तिथे काय वेगळं होतं?

फक्त नावं ठेवून चालणार नाही. या देशात काही तंत्रज्ञान योजना ठरवून पार पाडल्या गेल्या आहेत. दोन बघू.

१९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली. काम एकच : भारतीय परिस्थितीत चालणारं डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज बनवा. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये. आपल्याकडे लाइट जाते, धूळ असते, उन्हाळा असतो आणि गावातल्या एक्स्चेंजच्या खोलीत एसी नसतो. म्हणून एसीशिवाय चालणारं लहान ग्रामीण एक्स्चेंज बनलं, आणि त्याचं उत्पादन करण्याचे परवाने वेगवेगळ्या कारखान्यांना दिले गेले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं होतं, दूरसंचार खातं. मोठ्या शहरांसाठीच्या एक्स्चेंजला मात्र उशीर होत गेला, आणि नव्वदीत बाजार उघडल्यावर परदेशी कंपन्या आल्या. म्हणजे यशही अर्धंच. पण काय जमलं आणि काय राहिलं हे आपण सांगू शकतो, कारण लक्ष्य मोजता येण्यासारखं होतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नाही म्हटल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. 'स्वदेशी महासंगणक' असं आपण अभिमानाने म्हणतो आणि ते बरोबरही आहे. पण त्यातले प्रोसेसर ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. आपलं काय होतं? अनेक प्रोसेसर एकत्र जोडून समांतर काम करून घेण्याची रचना आणि सॉफ्टवेअर. ही टीका नाही, उलट हा शहाणपणा होता. मर्यादित पैशात कोणता थर स्वतः बांधायचा आणि कोणता विकत घ्यायचा हे त्यांनी ठरवलं. धोरणात 'आत्मनिर्भरता' किंवा 'स्वावलंबन' हा शब्द दिसला की हाच प्रश्न विचारा : कोणत्या थरात?

आता याच्या शेजारी मोहालीचं सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ठेवा. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथे ५ मायक्रॉनच्या प्रक्रियेपासून चिप बनवायला सुरुवात झाली. १९८९ मध्ये आग लागली, आणि सावरायला बरीच वर्षं गेली. चिपच्या धंद्यात जग दर दोन-तीन वर्षांनी पुढची पायरी चढतं. तिथे एकच कारखाना, आणि तो बंद पडला तर दुसरी वाट नाही. म्हणजे सुरुवात वेळेवर करणं पुरेसं नसतं. मधल्या वर्षांचा पैसा कुठून येणार, हेही योजनेत लिहिलेलं लागतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या ७६,००० कोटींच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमाकडे बघतानाही मला कारखान्याच्या भूमिपूजनापेक्षा त्यानंतरच्या पंधराव्या वर्षाची उत्सुकता जास्त आहे.

मधली वर्षं

मधल्या वर्षांची गोष्ट मला जरा लागते. मी ज्या प्रयोगशाळांतून वावरले त्यातल्या एकीत एक महागडं उपकरण प्लास्टिकच्या कव्हराखाली झाकलेलं आहे. प्रकल्पातून आलं, उद्घाटन झालं, फोटो निघाले. प्रकल्प संपला आणि वार्षिक देखभालीच्या कराराचे पैसे कुठल्याच खात्यात बसेनात. चिलर बिघडला आणि तेव्हापासून ते झाकलेलंच आहे. माझे नमुने मोजायला मी रात्रीच्या एसटीने दुसऱ्या शहरात जायचे, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून. संशोधन खर्चाच्या आकड्यात ते उपकरण आहे. माझ्या थीसिसमध्ये नाही.

फेलोशिपचंही तसंच. ज्युनिअर फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून ३१,००० वरून ३७,००० झाली, ही चांगली गोष्ट. पण ती कोणत्या तारखेला खात्यात पडते, यावर कोणतंही धोरण एक ओळ लिहीत नाही. मेसचं बिल मात्र तारखेलाच येतं. माझ्या एका मित्राने पाच महिने पैसे न आल्यावर क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली. तो आता तिथेच आहे. 'पूर्णवेळ संशोधकांची संख्या दुप्पट' या ओळीत मला त्याचा चेहरा दिसतो.

कागदातलं वाक्य खरं कधी होतं?

सगळं निराशाजनक नाही. २०२० च्याच मसुद्यात एक कल्पना होती : संशोधनपत्रिका प्रत्येक विद्यापीठाने वेगवेगळ्या न घेता देशाने एकत्र घ्याव्यात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर झालं : ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला आता पेपर मिळवण्यासाठी ओळखीच्या आयआयटीवाल्याला मेसेज टाकावा लागू नये, ही छोटी गोष्ट नाही. हे वाक्य का उतरलं? कारण करायचं काय, करणार कोण आणि झालं की नाही हे कळणार कसं, या तिन्हींची उत्तरं त्यात होती.

उलट अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचं बघा. २०२३ च्या कायद्याने ते आलं आणि ५ वर्षांत ५०,००० कोटी असं सांगितलं गेलं. त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, दाते वगैरेंकडून यायचे आहेत. ओळखीचं वाटतंय ना? २०१३ चंच गृहीतक, नव्या आकड्यात. २०२५ च्या जुलैमध्ये खासगी संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर झाली, त्यात कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचा पैसा द्यायचा आहे. हे निदान वेगळं आहे. उद्योगांनी करावं असं नुसतं म्हणण्याऐवजी त्यांनी ते का करावं याचं काहीतरी उत्तर त्यात आहे. उत्तर बरोबर आहे का, ते काही वर्षांनी मोजता येईल.

तर मग, क्वांटममध्ये जायचं का?

राष्ट्रीय क्वांटम मिशन : एप्रिल २०२३ मध्ये मंजूर, ६,००३.६५ कोटी, २०२३-२४ ते २०३०-३१. एक लक्ष्य असं : ८ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक. चांगली बाजू ही की आकडा आहे, मुदत आहे आणि चार केंद्रं नावानिशी ठरलेली आहेत. शंका एकच, ५० आणि १,००० मध्ये वीस पटींचं अंतर आहे. परीक्षेत ३५ ते १०० मध्ये काहीतरी मिळवेन असं घरी सांगण्यासारखं ते आहे.

त्या मुलीला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. कोणतंही मिशन वाचताना चार प्रश्न वहीत लिहा. एक, लक्ष्यातला आकडा कशाच्या प्रमाणात आहे? दोन, पैसा कोण देणार, आणि त्याने का द्यावा? तीन, तयार झालेली गोष्ट पहिल्यांदा विकत कोण घेणार? चार, उद्घाटनानंतरच्या वर्षांचा खर्च कुठे आहे?

आणि पाचवा प्रश्न स्वतःला : मिशन संपेल तेव्हा मी कुठे असेन? आज एमएस्सी करणारी मुलगी पुढच्या वर्षी पीएचडीला लागली, तर ती आणि क्वांटम मिशन साधारण एकाच सुमाराला संपतील. म्हणून नावाच्या मागे जाण्याऐवजी हातात काय येणार ते बघ, असं मी तिला म्हटलं. कमी तापमानाचं तंत्र, पातळ थर, एकेका फोटॉनचं मोजमाप, निर्वाताची उपकरणं दुरुस्त करणं : मिशनचं नाव बदललं तरी हे कौशल्य राहतं. विषय आवडत असेल तर जरूर जा. फक्त पैसा तिकडे जाणार म्हणून जाऊ नकोस, कारण पैसा किती, कधी आणि कुणाच्या खिशातून, हे कागदावर बहुतेक वेळा अर्धंच लिहिलेलं असतं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, ते २ टक्क्यांचं वाक्य माझ्या एसओपीत आहे. काढू का?"

काढू नकोस, म्हटलं. पुढे एक ओळ जोड : हे लक्ष्य २००३ मध्ये लिहिलं, २०१३ मध्ये पुन्हा लिहिलं, आणि का हुकलं हे मला माहीत आहे. मुलाखतीत कोणी विचारलं तर निदान तू निरुत्तर होणार नाहीस.